जांभळा चहा आणि खालची कवळी

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंस,

सकाळपासून मायन्यापाशीच अडले आहे. "चि. सौ." लिहून सुरुवात केली आणि "सौ."वर पेन थांबलं. ते आता ठेवायचं की काढायचं? शेजारच्या बाईंना विचारलं. त्यांनी जन्मभर मुलांना पत्रलेखन शिकवलं, पण त्या म्हणाल्या, अशा पत्राचा मायना पुस्तकात नसतो. नुसतं "चि." लिहिलं तर तू माझी भाची वाटशील. "माजी सून" म्हणावं तर माजी आमदारासारखं वाटतं. म्हणून तुझे रोगी मारतात तीच हाक मारते आहे. रागावू नकोस. रागावलीसच तर तसं लिही, म्हणजे निदान तुझं पत्र तरी येईल.

नवा पत्ता तुझ्या जुन्या दवाखान्यातल्या कारकुनाकडून घेतला. तो द्यायला तयार नव्हता. मी म्हटलं, अरे बाबा, माझ्या तोंडात तिने केलेले दात आहेत, तिचा पत्ता माझ्याकडे नको का? मग दिला. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू "बरी आहे" म्हणशील, मी "बरं" म्हणेन आणि दोघी सुटल्यासारख्या फोन ठेवू.

आता कामाचं. आपलं चहाचं दुकान बंद झालं. कोपऱ्यावरचं, जांभळ्या पाटीचं. परवा एका गिऱ्हाइकाच्या खिडक्यांची मापं घ्यायला त्या बाजूला गेले होते, म्हटलं जाता जाता डोकवावं. आत मोबाइल दुरुस्त करणारा बसला होता. ग्लासच्या तोंडावर झिल्ली चिकटवणारं ते यंत्र होतं ना, जे खटकन खाली यायचं आणि दर वेळी मी दचकायचे, त्या जागी चार्जर लोंबत होते. दुकानवाल्या बाई कुठे गेल्या म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, माहीत नाही, पण रोज कोणी ना कोणी येऊन हेच विचारतं आणि तोंड पाडून जातं. मीही तशीच घरी आले.

तेव्हा तो चहा घरीच करायचा असं मी ठरवलं आहे. तुला हसू येत असेल, येऊ दे. मला फक्त एक सांग. त्याची चव कशी होती? रंग डोळ्यांपुढे आहे, जाड नळी आठवते, तळाशी बसलेल्या काळ्या गोळ्या आठवतात. चवीचं मात्र नीट धरता येत नाही. "गोड होतं" एवढं लिहून मोकळी होऊ नकोस. कसलं गोड, आधी काय लागायचं, मागाहून काय राहायचं, असं सगळं लिही.

पहिल्यांदा मला तिथे नेलंस तो दिवस आठवतो का? माझी खालची कवळी तू तिसऱ्यांदा करून दिली होतीस. वरची कोणाच्याही तोंडात राहते, खालची नांदायला महिने घेते, असं तू म्हणायचीस. मी मात्र ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायचे आणि मऊ भात गिळायचे. त्या शनिवारी मला खुर्चीवरून उठवून तू अंगातल्या पांढऱ्या कोटासकट थेट दुकानात नेलंस. समोर ग्लास आला. मला वाटलं, दुधात कपड्यांची नीळ कालवली आहे. नळी झिल्लीत खुपसायची असते हे मला कोण सांगणार? मी ती बाजूने रेटली आणि अर्धा घोट तुझ्या कोटावर. तू कोटाकडे पाहिलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "आई, या गोळ्या चावून दाखवा. यांना पुरून उरलात तर जगातलं काहीही खाल."

तीन गोळ्या एकदम आल्या. चिवट, ओल्या, मधेच दाताला धरून ठेवणाऱ्या. मी डोळे मिटून चावत राहिले आणि कवळी जागची हलली नाही. डोळे उघडले तर तू खुर्चीच्या कडेला बसून माझ्या जबड्याकडे बघत होतीस, आणि दुकानवाल्या बाई तुझ्याकडे. मी आणखी एक ग्लास मागितला.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की तुझा फोन यायचा, "आई, कवळी घासायची आहे." मी मशीनवर झाकण टाकून निघायचे. घरात कोणाला पत्ता नाही. आमचे चिरंजीव एकदा म्हणालेसुद्धा, "किती घासता, संपून जाईल ती." तू तोंड फिरवून हसलीस आणि मला ठसका लागला.

तुम्हा दोघांचं काय बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. तुम्ही दोघांनी कागदावर सह्या केल्यात. माझी सही कोणी मागितली नाही आणि मागितली असती तर मी दिली नसती. त्यामुळे माझ्याकडून काही मोडलेलं नाही. तुझ्याकडून काय आहे ते मला कळायला हवं, म्हणून हे पत्र.

खाली काय लिहावं हाही प्रश्नच आहे. तुला कामाच्या नावाने हाक मारली, तर माझंही कामाचंच नाव.

— पडदेवाली


२८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंस,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा येतं असं बाई म्हणतात. त्या भल्या आहेत, त्यांना दुसऱ्याची समजूत घालायला आवडतं.

मी कामाला लागले आहे. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं ते "टॅरो" म्हणजे आपली अरवीच, हे बाईंच्या भाचीने सांगितलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, ते कोण्या लांबच्या बेटावरचं फूल असेल. अरवी! मातीत लोळलेली, केसाळ, अंगाला चिकट. ती अशी नटूनथटून जांभळी होऊन काचेमागे बसेल, असं कोणाच्या मनात येईल?

बाजारातून चांगली जाडजूड अरवी आणली, सोलली आणि हाताला खाज सुटली. बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत. तेल चोळलं, चिंच चोळली, शेवटी गार पाण्याच्या बादलीत हात घालून बसले. बाई बघून म्हणाल्या, "पेडिक्युअर चुकीच्या टोकाला चाललंय." दोन दिवस कापडाला चुणी धरता आली नाही. दिवाणखान्याचे पडदे न्यायला आलेलं गिऱ्हाईक परत गेलं.

तरी उकडली, कुस्करली, दुधात घातली, साखर घातली. रंग कसला आला म्हणशील, तर फरशी पुसून झाल्यावर बादलीत उरलेल्या पाण्याचा. गोळ्यांसाठी साबुदाणा शिजवला. तोही बसला एकमेकांच्या गळ्यात पडून. ढवळायला गेले तर पातेलं चमच्यासकट उचललं गेलं. पडद्यांना खळ द्यायला उत्तम झाली असती, पण तळाशी बसून "चावून दाखव" म्हणणाऱ्या त्या गोळ्या काही झाल्या नाहीत.

रविवारी लेकाचा फोन होता. काय करतेस म्हणाला, तर मी सांगून टाकलं की तुला पत्र लिहिलं. मग म्हणाला, "आई, तिने नव्या गावात नवं सगळं मांडलंय. तू तिला मागे ओढू नकोस." रागाने नाही म्हणाला. तो हल्ली रागावत नाही, दमल्यासारखा बोलतो.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसेल. मी त्यावर बराच विचार केला. मी तुला ओढत असेन तर एक ओळ लिही, मी थांबेन आणि मनात काही ठेवणार नाही. पण ती ओळ तू लिहायची. तुझ्या वतीने दुसऱ्याने सांगितलेलं मी ऐकणार नाही.

मागच्या पत्रातला प्रश्न तसाच आहे. चव कशी होती?

— पडदेवाली


१५ मार्च

डॉक्टरीणबाई,

खोकं मिळालं!

पोस्टमनने सही घेतली तेव्हा मला वाटलं अस्तराचं कापड आलं. उघडून बघते तर दवाखान्यातले हातमोजे. खोकं भरून, आणि तेही जांभळे. वर चिठ्ठी: "सोलताना घाला." एवढंच. वर मायना नाही, खाली नाव नाही. पण "घाल" नाही लिहिलंस, "घाला" लिहिलंस. रोग्यांनाही तू असंच म्हणतेस, मला माहीत आहे. तरी मी ती चिठ्ठी कापड बेतायच्या टेबलाजवळ भिंतीला टाचून ठेवली आहे. बाई आल्या की तिच्याकडे बघतात आणि काही न विचारल्याचा मोठेपणा मिरवतात.

हातमोजे घालून सोलली. खाज नाही. रंगासाठी बाईंच्या भाचीने युक्ती सांगितली, जांभळ्या रताळ्याचा एक तुकडा बरोबर उकडायचा. तो घातला आणि दूध लाजल्यासारखं जांभळं झालं. आपल्या दुकानाएवढं भडक नाही, धुवून धुवून विटलेल्या पडद्याएवढं.

मग गोळ्या. साबुदाण्याचं पीठ आणलं. पहिल्या खेपेला गार पाण्यात भिजवलं. ते मुठीत दाबून धरलं की दगड आणि मूठ उघडली की बोटांमधून पळून जातं. आमच्या चिरंजिवांचं लहानपण आठवलं. दुसऱ्या खेपेला काळी साखर पाण्यात उकळवून ते उकळतं पाणीच पिठात ओतलं. तेव्हा कुठे ते शहाण्यासारखं गोळ्यात आलं. गरम असतानाच मळावं लागतं. माझ्या हातांना इस्त्रीची सवय, मला काही वाटलं नाही.

गोळ्या वळायला लागले आणि खरं सांगते, खूप दिवसांनी मला कसलीतरी मजा आली. शर्टाच्या बटणाएवढी एकेक. बटणांचा डबाच पुढ्यात घेऊन बसले होते, मापाला. कोरड्या पिठात घोळवायच्या, म्हणजे चिकटत नाहीत. उकळत्या पाण्यात टाकल्या की आधी बुडतात, मग एकेक वर येते. मग झाकण ठेवून त्यांना पडून राहू द्यायचं आणि पाकात टाकायच्या. मी त्यातली एक तोंडात टाकली आणि चावली. अगदी तशीच लागली गं दाताला. तशीच दबली, तशीच परत उसळली. ओट्याला धरून उभी राहिले आणि आणखी तीन-चार खाल्ल्या. कवळी थोडी हलते हल्ली, डाव्या बाजूला. पण मी उजवीकडून चावलं.

बाईंना ग्लास भरून दिला. त्या म्हणाल्या, छान झालाय. त्याच दिवशी लेकही आला होता, त्याच्या ऑफिसचं काम होतं इकडे. त्यालाही दिला. जो दुधावरची साय दिसली तरी उठून जातो, त्याने पूर्ण ग्लास संपवला, "छान आहे" म्हणाला आणि मग दोनदा पाणी प्यायला. भिंतीवरची चिठ्ठी त्याने वाचली. अक्षर ओळखलं असणार. जाताना हातमोज्यांचं खोकं टेबलाच्या कडेला आलं होतं ते आत सरकवून गेला.

मधे एकदा बाई धावत आल्या होत्या, काही जळतंय का म्हणून. मी म्हटलं, साखरेचा पाक तसाच लागतो. पातेल्याचा तळ जरा काळा झाला आहे, घासून काढीन.

चवीबद्दल तू अजून लिहिलं नाहीस.

— पडदेवाली


४ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र आलं. एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. आधी उभ्याने वाचलं, मग बसून, मग बाईंना वाचून दाखवलं, मधला एक परिच्छेद सोडून.

तर दुकानात अरवी कधी नव्हतीच! काउंटरमागे पावडरीची भली मोठी पिशवी असायची, त्यातले दोन चमचे आणि गरम पाणी. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तू उभी राहायचीस त्या बाजूने दिसायचं. आणि मी इथे कंद सोलते आहे, खवते आहे, खाजवते आहे! ही गोष्ट फेब्रुवारीत लिहायला तुझं काय जात होतं? दहा मिनिटं मी खरीच चिडले होते. मग पुढची ओळ वाचली, "तुम्ही खरी अरवी आणून करताय हे वाचून थांबवावंसं वाटलं नाही." बरं, माफ.

पावडर मी आणणार नाही. आता माझी आणि अरवीची ओळख झाली आहे.

तू लिहिलंस, मी तुला मागे ओढत नाही. ते मी बाईंना वाचून दाखवलं नाही. तू लिहिलंस की सह्या झाल्यावर इकडे यायचा हक्क उरला नाही असं तुला वाटलं, आणि कोणी बोलावलं नाही म्हणून ते खरंच असणार असं धरून चाललीस. अगं, मला वाटत होतं तुलाच नको असेल. दोघीही दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो आणि कडी कोणीच काढली नाही.

नव्या दवाखान्यात खिडकीला पडदा नाही, समोरच्या इमारतीतली माणसं रोग्यांच्या तोंडात बघतात, असंही लिहिलंस. मापं पाठव. उंची, रुंदी, आणि दांडी भिंतीत की चौकटीत, ते.

शेवटी तू मलाच विचारलंस, "चव कशी आली? आणि मी कसली आठवण करून देऊ? तुम्हीच सांगायचात की हा चहा म्हणजे कोऱ्या सुती कापडावर पाणी शिंपडून पहिली इस्त्री फिरवल्यावर येतो तो वास. मला तर त्यानंतर दुसरं काही सुचलंच नाही कधी."

मी असं म्हणायचे? म्हणत असेन.

चव चांगली आली. बाईंनी सांगितलं, त्यानेही सांगितलं.

— पडदेवाली


५ एप्रिल

अगं,

कालचं पत्र टाकून आले आणि घरी येऊन कपाटातून कोरं सुती कापड काढलं. पांढरं, अजून पाणी न लागलेलं. हाताने पाणी शिंपडलं, इस्त्री कडक तापवली, फिरवली. वाफ वर आली, चेहऱ्याला लागली. कापड नाकाशी धरलं, तोंडावर धरलं, डोळे मिटून उभी राहिले.

काही नाही आलं. गरम लागलं, तेवढंच.

थंडीत ताप आला होता मला. मोठं काही नव्हतं, चार दिवस पडून होते. ताप गेला आणि जाताना वास आणि चव घेऊन गेला. आधी वाटलं, येईल परत. सर्दीत जातेच की. मग महिना गेला, दुसरा गेला. साबण, कांदा, रॉकेल, माझी उशी, कशालाच वास नाही. गोड लागतं, खारट लागतं, पण ते नुसतं लांबून कोणीतरी हाक मारल्यासारखं. कोणी मारली ते कळत नाही. मी कोणाला सांगितलं नाही. त्याला सांगितलं तर तो मला इथून उचलून त्याच्याकडे नेईल, आणि मशीन सोडून मी त्याच्या सातव्या मजल्यावर काय करू? बाईंना सांगितलं तर त्या रडतील.

जेवण म्हणजे भांडं रिकामं करायचं काम झालं. एक दिवस बसल्या बसल्या त्या गोळ्या आठवल्या. म्हटलं, वास गेला, चव गेली, पण दातांना तर कळतंय. तुझ्या दातांना. चिवट काय, मऊ काय, उसळतं काय, हे मला अजून कळतं. म्हणून त्या दुकानाकडे गेले होते. मापं घ्यायला नव्हते गेले. तिकडे माझं एकही गिऱ्हाईक नाही.

आणि म्हणून तुला सारखं विचारत होते. ती चव माझ्याकडून हरवली आहे आणि ती दुसऱ्या फक्त एका माणसाकडे आहे. इतक्या शनिवारांत तिसरं कोणी आपल्याबरोबर नव्हतं.

मला तुझी फार आठवण येते. चहाचं निमित्त नसतं तरी आली असती. हे पहिल्याच पत्रात लिहायचं होतं, पण मायन्यातच दमले.

कवळी घासायची आहे. या वेळी खरोखरच. डावी बाजू लागते, हिरडी सोलवटली आहे. तू गेल्यापासून दुसऱ्या कोणापुढे मी तोंड उघडलेलं नाही. येशील का एखाद्या शनिवारी? गोळ्या साठवून ठेवता येत नाहीत, काही तासांत कडक होतात. त्यामुळे आधी करून ठेवणार नाही. तू दारात आलीस की पीठ मळायला घेईन.


२१ एप्रिल

अगं बाई,

काल तू गेलीस आणि मी लगेच लिहायला बसणार होते, पण आधी बाईंना गाठायचं होतं. आज निवांत लिहिते. जे झालं ते तुला माहीतच आहे, तरी लिहिते. मला ते कागदावर बघायचं आहे.

तू येणार म्हणून मी सकाळपासून दोनदा साडी बदलली. बेल वाजली. दार उघडलं तर तुझे केस कापलेले, आणि हातात ती जुनी चामडी बॅग. मला वाटत होतं, तू काय हाक मारतेस ते आधी ऐकायचं, मग मी बोलायचं. तू काहीच हाक मारली नाहीस. नमस्कार नाही, कशा आहात नाही. पायातलं काढलंस, मोरीत जाऊन हात धुतलेस, मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलंस, हनुवटीला दोन बोटं लावलीस आणि म्हणालीस, "आ करा."

मी आ केला. त्यात बोलता येत नाही, हे बरंच झालं.

तू हिरडी बघून दात आवळलेस ते मला दिसलं. मग गॅलरीत बसून तू ती कवळी घासत होतीस, त्या तुझ्या छोट्या यंत्राची घर्र घर्र चालली होती, आणि मी बोळक्या तोंडाने पीठ मळत होते. घरात दोन यंत्रांचा आवाज होता तेव्हाचे दिवस आठवले, तुझं हे आणि माझं शिवणाचं. रडू येत होतं, पण पिठात पाणी जास्त झालं असतं.

तू आत येऊन कवळी बसवून दिलीस, दोनदा काढून परत घासलीस. मग ग्लास भरले. तुझ्यासाठी काचेचा उंच, माझा स्टीलचा. जाड नळ्या बाईंच्या भाचीने आणून दिलेल्या. तू एक घोट घेतलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, तू तेव्हा माझ्या जबड्याकडे बघत होतीस तशी.

तू ग्लास खाली ठेवलास. म्हणालीस, "आई, दूध करपलंय."

मग तुझं तुलाच कळलं, काय हाक मारलीस ते. कान लाल झाले तुझे. मी विचारलं, "खूप?" तू म्हणालीस, "खूप. पिववत नाही."

मला किती बरं वाटलं, तुला सांगता येणार नाही. मी हसायला लागले, तुला वाटलं रडते आहे, आणि मग तेही झालं. अगं, फेब्रुवारीपासून मी प्रत्येक वेळी दूध करपवत होते. मंद आच समजायची ती मोठी असायची, आणि वास येत नाही तर मला कळणार कसं? पातेली काळी होत होती आणि मी स्वतःला सांगत होते, पाकामुळे. तू गेल्यावर बाईंना धरलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या हौसेने देत होतात." पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना! रात्री जेवणं झाल्यावर त्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, तुला वाईट वाटेल असं वाटलं." बिचारा, पूर्ण ग्लास प्यायला होता. ताप, वास, चव, सगळं सांगितलं त्याला. तू तसं कबूल करून घेतलंस म्हणून. उचलून नेणार नाही म्हणाला, पण नाकाच्या डॉक्टरकडे तो घेऊन जाणार आहे, बुधवारी. शेवटी विचारलं त्याने, "ती बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, केस कापलेत. तो "बरं" म्हणाला.

दोघं माझ्यावर माया करतात, खोटं बोलले तेही मायेनेच. पण करपलेलं दूध करपलंय म्हणून सांगायला घरचं माणूस लागतं, आणि ते त्या खोलीत तेव्हा तूच होतीस.

दुसऱ्यांदा केलेला चहा आठवतो. तू गॅसपाशी उभी, मी गोळ्या वळते आहे. मला दुधाला हातही लावू दिला नाहीस. मग आपण खिडकीत बसलो आणि तू एकेक घोट घेऊन सांगत होतीस. आधी दूधच. मग उकडलेलं रताळं, पण त्याहून कमी गोड. मग जरा मातकट, पाऊस नसतानाची माती. मग शेवटी जिभेच्या मागे काहीतरी भाजलेलं, बदामाच्या सालीसारखं. आणि तू म्हणालीस, "दुकानातल्यापेक्षा वेगळा आहे. इस्त्रीचा वास मात्र आहे." मी चावत होते आणि ऐकत होते. चव मला आली नाही, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण काय खाते आहे ते मला कळत होतं, आणि ताप आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

उरलेल्या गोळ्या तू फ्रिजमध्ये ठेवून गेलीस. सकाळी बघितल्या, कडक झाल्या होत्या, शर्टाला लावल्या असत्या तरी चालल्या असत्या. फेकून दिल्या. पुढच्या वेळी परत मळायच्या.

तुझ्या दवाखान्याचा पडदा बेतून ठेवला आहे. कापड पांढरंच घेतलं, सुती, कोरं. पहिली इस्त्री अजून केलेली नाही. ती तू आलीस की करू, तू नाकाशी धर आणि मला सांग.

कवळी आता अशी बसली आहे की जागची हलत नाही. सकाळी उगाचच कडक पाव खाऊन बघितला, डाव्या बाजूने.

तरी शनिवारी घासायची आहे.

— आई